लिनक्सवरचा लॅपटॉप का रखडतो?

दिवाळीची साफसफाई काढली, की आखातातल्या आपल्या घरांतही कपाटाच्या वरच्या कप्प्यातून हमखास एक जुना लॅपटॉप निघतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित साहाय्य संपले, आणि विंडोज 11 ला साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक घरांत कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने अशा लॅपटॉपवर लिनक्स चढवले. काही महिने सगळे झकास चालते. मग एखाद्या संध्याकाळी तिकडे गावी आजी व्हिडिओ कॉलसाठी ताटकळत बसते, आणि इकडे ब्राउझर उघडायलाच तीन मिनिटे लागतात. "लिनक्स हलके असते म्हणे!" हा टोमणा ठरलेला.

लिनक्स हलकेच आहे. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते साध्या घरगुती संगणकावर लिहायला घेतले. आज तेच अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत चालते. पण त्यावर चालणारा ब्राउझर हलका नाही, आणि दहा वर्षांची हार्ड डिस्क तर मुळीच तरुण नाही. तेव्हा दोष नेमका कुठे आहे ते आधी शोधावे. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. लोक रॅम विकत आणतात आणि बिघाड निघतो पंख्यात.

सर्वांत आधी फोटो

संगणक अचानक मंद होणे, फाइल उघडताना मध्येच अडकणे, कधी 'टकटक' आवाज येणे, ही हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दुरुस्ती, सफाई, नवी आवृत्ती चढवणे, सगळे बाजूला ठेवा. ज्या गोष्टी दुसरीकडे कुठेही नाहीत, म्हणजे मुलांचे बालपणीचे फोटो, आजोबांचा आवाज असलेली चित्रफीत, घराची कागदपत्रे, त्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. संगणक पुन्हा घेता येतो, ते फोटो येत नाहीत.

नंतरच 'डिस्क्स' नावाचे अ‍ॅप उघडून 'स्मार्ट डेटा' पाहा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. त्यात 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' किंवा 'पेंडिंग सेक्टर' यांचा आकडा शून्याहून अधिक असेल आणि वाढत असेल, तर डिस्क बदलायची वेळ आली आहे.

नाडी कशी पाहायची?

संगणक रखडलेला असतानाच तपासायचा. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग? 'सिस्टिम मॉनिटर' उघडा, किंवा टर्मिनलमध्ये 'टॉप' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. वर 'लोड अ‍ॅव्हरेज'चे तीन आकडे दिसतील: गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचे. चार कोअरच्या प्रोसेसरवर हा आकडा 4 च्या आत असला, तर सहसा चिंता नाही.

इथे एक मेख आहे. लिनक्स या आकड्यात प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांबरोबर डिस्कची वाट पाहणारी कामेही मोजते. म्हणून लोड 8 दिसला, तरी प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असू शकतो. त्याच पडद्यावर 'डब्ल्यू-ए' अशी दोन अक्षरे आहेत, 'वेट'ची. ती टक्केवारी सतत मोठी असेल, तर बोट डिस्ककडे दाखवा. ती जवळजवळ शून्य असेल आणि एखादाच प्रोग्राम प्रोसेसर खात असेल, तर तो यादीत पहिलाच दिसेल. 'टॉप'मध्ये इंग्रजी मोठा 'एम' दाबला की मेमरीनुसार आणि मोठा 'पी' दाबला की प्रोसेसरनुसार यादी लागते.

ओटा लहान, फराळ मोठा

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओट्यावर एकाच वेळी चकलीचा सोऱ्या, करंज्यांचे ताट आणि लाडवांची परात मांडली की जागा संपते. मग एक वस्तू कोठीत ठेवायची, दुसरी आणायची, अशा येरझाऱ्या सुरू होतात. संगणकात याला 'स्वॅप' म्हणतात. स्वॅप थोडा वापरात असणे वाईट नाही. पण सतत ये-जा चालू राहिली, तर संगणक गोठल्यासारखा वाटतो.

आकडे पाहताना मात्र घाबरू नका. 'फ्री' मेमरी अगदी थोडी दिसते, कारण रिकामा ओटा लिनक्स वाया घालवत नाही. वारंवार लागणाऱ्या फाइली ते तिथे मांडून ठेवते आणि जागा लागताच उचलते. पाहायचा तो 'अव्हेलेबल' हा आकडा.

4 जीबी रॅमवर सर्वांत मोठा खादाड म्हणजे ब्राउझर. वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय आधी मोडा आणि नको ती एक्स्टेन्शन काढा. मग डेस्कटॉपकडे वळा. ग्नोमऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घेतला, तर रॅमचा भार चांगलाच उतरतो. 'झेडरॅम' या सोयीने स्वॅप डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून ठेवला जातो. फेडोरात ती 2020 पासून आपोआप चालू असते. इतरत्र चालू करून घ्यावी. रॅम 8 जीबी करता आली तर उत्तमच, पण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डवरच जोडलेली असते. खरेदीपूर्वी मॉडेल पाहून घ्या.

फिरती तबकडी

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला 5400 फेऱ्या घेते. विखुरलेल्या लहान फाइली वाचताना तिची सुई सारखी जागा बदलते आणि सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा वाचन होते. साधी एसएसडी हेच काम हजारो वेळा करते. त्यामुळे एकच खर्च करायचा असेल, तर बहुतेक जुन्या लॅपटॉपसाठी तो अडीच इंची साटा एसएसडीचा करावा. फरक पहिल्यांदा चालू करतानाच कळतो.

डिस्क काठोकाठ भरली तरी अडचणी सुरू होतात. 'डिस्क युसेज अ‍ॅनालायझर' हे अ‍ॅप कोणी किती जागा अडवली ते चित्रासह दाखवते. चालू व्हायलाच वेळ लागत असेल, तर 'सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम' ही आज्ञा कोणत्या सेवेने किती सेकंद घेतले याची यादी देते.

वाळू आणि उकाडा

इथे आखातात हा भाग विसरून चालणार नाही. बारीक वाळू खिडक्या बंद असूनही घरात येते आणि पंख्याच्या जाळीत थर धरते. उष्णता बाहेर पडली नाही, की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लक्षण सोपे आहे: पहिली दहा मिनिटे सुरळीत, मग पंख्याची घरघर आणि रखडपट्टी. 'सेन्सर्स' या आज्ञेने तापमान कळते. साध्या कामातही ते 90 अंशांच्या आसपास असेल, तर सफाई हवीच. लॅपटॉप बंद करून, पंख्याचे पाते हलकेच अडवून, हवेच्या डब्याने धूळ उडवा. जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळलेली असते. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, हे आईचे सांगणे शास्त्रशुद्ध आहे!

चार्जरही तपासा. मूळ चार्जर ओळखता आला नाही, तर काही लॅपटॉप मुद्दाम वेग कमी ठेवतात.

घरातल्या तरुण मंडळींसाठी

आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या संगणकावर लिनक्स तुम्ही चढवले असेल, तर त्याची देखभालही तुमच्याकडेच आली. एका वेळी एकच बदल करा आणि आधीचे व नंतरचे आकडे वहीत लिहा. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा अर्थ समजल्याशिवाय चालवू नका, विशेषतः 'सुडो'ने सुरू होणारी. आणि मराठी टायपिंगची सोय जरूर करून द्या. लिनक्सवर इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळलेला लोहित फॉन्टही मोफत आहे. वेगापेक्षा या सोयीचेच घरात जास्त कौतुक होईल.

कधी थांबायचे?

एसएसडी लावली, धूळ काढली, डेस्कटॉप हलका केला, तरी व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर प्रोसेसरच पुरा पडत नाही असे समजावे. तो लॅपटॉप पत्रे लिहायला, गाणी ऐकायला किंवा मुलांना प्रोग्रामिंग शिकायला ठेवता येतो. देऊनच टाकायचा असेल, तर आधी डिस्क पूर्ण पुसा किंवा काढून घ्या, आणि यंत्र कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्या. बॅटरी तर घरच्या कचऱ्यात कधीच टाकू नये. चेपली गेली तर ती पेट घेऊ शकते.