मोठा पडदा, अंधूक चित्र

दिवाळीच्या खरेदीत ५५ इंचांचा नवा टीव्ही घरी येतो. दिवाणखान्याची भिंत भरून जाते, मुले हरखून जातात. संध्याकाळी आजी आपली नेहमीची मालिका लावायला सांगतात आणि पाचच मिनिटांत म्हणतात, “आपला जुनाच बरा होता. यात चेहरे कसे पुसल्यासारखे दिसतात!” ज्याने आयुष्यभर माल पारखून घेतला, त्या घरच्या कर्त्या पुरुषाला हा शेरा लागतो. पैसे पुरेसे मोजले, कंपनी नावाजलेली, टीव्हीत काही बिघाड नाही. मग चित्र अंधूक का?

याचे उत्तर व्यापाऱ्याला चटकन उमजावे असे आहे. दुकानात दाखवलेला नमुना एक होता आणि घरी येणारा माल दुसरा आहे. दुकानातील पडद्यावर फुले, धबधबे, रंगीबेरंगी पक्षी यांची जी दृश्ये फिरत असतात, ती अतिशय सूक्ष्म तपशिलाने खास चित्रित केलेली असतात आणि बहुधा पेन ड्राइव्हवरून दाखवली जातात. घरी मात्र गच्चीवरच्या डिशमधून उपग्रहवाहिनी येते. टीव्ही हा केवळ तराजू होय. तराजू मोठा आणला म्हणून मालाचे वजन वाढत नाही.

हिशेब आकड्यांत मांडला की गोष्ट अधिक स्पष्ट होते. पडद्यावरील चित्र सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडील साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. आणि ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. एसडीच्या पाचपट एचडी आणि वीसपट ४के. साधी वाहिनी ४के पडद्यावर लावली की एका ठिपक्याच्या माहितीवर वीस ठिपके भरावे लागतात. उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजाने रंगवतो. तो अंदाज कितीही हुशारीने केलेला असला, तरी जो तपशील मुळात आलाच नाही तो त्याला निर्माण करता येत नाही.

त्यातही उपग्रहाची वाहतूकक्षमता मर्यादित असते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाच्या एकाच मार्गावरून अनेक वाहिन्या एकदम पाठवल्या जातात. त्यासाठी चित्र दाबून लहान करतात: जो भाग बदलला नाही तो पुन्हा पाठवायचा नाही, बारीकसारीक छटा गाळायच्या. निवेदक स्थिर बसून बातम्या वाचत असेल तर ही काटकसर खपून जाते. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावू लागला की मैदानावरचे गवत हिरव्या लेपासारखे दिसते, खेळाडूंच्या कडांना चौकोनी तुकडे चिकटतात. २१ इंचांच्या जुन्या टीव्हीवर हे दोष झाकलेले राहत. मोठा पडदा भिंगासारखा ते उघडे करतो.

आजींच्या तक्रारीचे आणखी एक कारण खोलीच्या मापात आहे. साधे चित्र नितळ वाटावे यासाठी पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावर बसावे, एचडीसाठी तिप्पट पुरते, असा ढोबळ नियम आहे. जुन्या २१ इंची टीव्हीची उंची सुमारे एक फूट. सहा फुटांवर चित्र छान दिसे. ५५ इंची पडद्याची उंची सव्वादोन फूट. एचडी वाहिनी त्यावर सात फुटांवरूनही सुरेख दिसते. साध्या वाहिनीसाठी मात्र साडेतेरा फूट मागे सरकावे लागते. शहरातील फ्लॅटमध्ये सोफा आणि भिंत यांच्यात एवढी जागा असते कुठे? घरी बहुतांश साध्याच वाहिन्या पाहिल्या जात असतील आणि बैठक आठ फुटांवर असेल, तर ३२ इंचांचा पडदा अधिक समाधान देतो.

अंधूक चित्राचा दोष पुष्कळदा डिशवर टाकला जातो. पण डिजिटल प्रसारणाची रीत वेगळी आहे. मुसळधार पावसात संकेत क्षीण झाला, तर चित्र फुटते, थिजते किंवा नाहीसे होते. ते नुसतेच धूसर होत नाही. चित्र अखंड चालू असूनही अंधूक असेल, तर डिश हलवून घेण्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

त्याआधी चार गोष्टी घरच्या घरी तपासाव्यात. सेट-टॉप बॉक्स एचडीचा आहे का, आणि घेतलेल्या पॅकमध्ये त्या वाहिनीची एचडी आवृत्ती आहे का? बॉक्स एचडीचा असूनही सवयीने जुनाच क्रमांक लावला जातो आणि साधीच वाहिनी दिसत राहते. दुसरे, बॉक्स आणि टीव्ही यांना एचडीएमआय केबलने जोडले आहे का? पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांतून एचडी चित्र जात नाही. तिसरे, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० हा पर्याय निवडला आहे का? चौथे, टीव्ही दुकानातल्या भडक ‘व्हिव्हिड’ मोडवर तर नाही ना? तो बदलून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ठेवावा आणि ‘शार्पनेस’ कमी करावा; त्याने कडांचे ओरखडे मवाळ होतात. जुन्या कार्यक्रमांतील माणसे आडवी फुगलेली दिसत असतील, तर चित्राचे प्रमाण ४:३ करावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण चेहरे मूळ रूपात दिसतील.

एवढे करूनही ज्या वाहिनीची एचडी आवृत्तीच नाही, तिचे चित्र एका मर्यादेपलीकडे सुधारणार नाही. बऱ्याच प्रादेशिक आणि भक्तिपर वाहिन्या आजही साध्याच स्वरूपात येतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी नेमक्या त्याच पाहतात. म्हणून टीव्ही घेताना दुकानदाराला एकच विनंती करावी: पेन ड्राइव्ह काढून, आमच्या घरी रोज लागते ती वाहिनी डिशवरून लावून दाखवा. तेवढ्याच अंतरावर उभे राहून पाहावे, शक्य तर आजींनाही सोबत न्यावे. जो माल रोज वापरायचा आहे, त्याचाच नमुना पाहून सौदा करावा, हा पेढीवरचा जुना नियम येथेही तितकाच खरा आहे.