परक्या राज्याचं विद्यापीठ

अमेरिकेत सरकारी विद्यापीठ असतं ते राज्याचं, देशाचं नव्हे. मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइलच्या दाखल्यामागे धावलेल्या मराठी आईबापांना हे निराळं समजवावं लागत नाही. तरी न्यू जर्सीतल्या आपल्या घरांत मूल अकरावीला गेलं की मिशिगन, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, बर्कली ही नावं सुरू होतात आणि आपल्याच राज्याचं रटगर्स ‘ते काय, आहेच’ म्हणून मागे पडतं. ही चारही राज्याबाहेरची सरकारी विद्यापीठं. अशा विद्यापीठांची दारं बाहेरच्यांसाठी गेल्या पन्नास वर्षांत कधी उघडली, कधी ओढून घेतली गेली हे पाहिलं, तर मुलाच्या मार्कांइतकाच राज्याच्या तिजोरीचा हात त्यात दिसतो.

१९७३ पर्यंत कनेक्टिकटमध्ये कायदा असा होता की, अर्ज करताना पत्ता बाहेरचा असला तर शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी बाहेरचाच. मार्गारेट क्लाइन कॅलिफोर्नियातून आली आणि लग्न करून कनेक्टिकटची झाली. गाडीची नोंदणी, लायसन्स, मतदारयादीतलं नाव, सगळं तिथलंच. फी मात्र परक्याची. सर्वोच्च न्यायालयाने ‘व्लँडिस विरुद्ध क्लाइन’ खटल्यात तो कायदा रद्द केला: आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायची संधी द्यायलाच हवी. बाहेरच्यांकडून जादा फी घेण्याचा राज्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आपल्या लोकांसाठी १९८२ चा ‘टोल विरुद्ध मोरेनो’ जास्त जवळचा. आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या कर्मचाऱ्यांची जी-४ व्हिसावरची मुलं मेरीलंडमध्येच राहत होती, तरी तिथलं विद्यापीठ त्यांना फीचा स्थानिक दर द्यायला तयार नव्हतं. तो नकार न्यायालयाने मोडून काढला. आज एच-१बीवर आलेल्यांच्या, एच-४ व्हिसावरच्या मुलांना बऱ्याच राज्यांत स्थानिक दर मिळतो. नियम मात्र प्रत्येक राज्याचा वेगळा. केंद्राची आर्थिक मदत त्यांना मिळत नाहीच, शिवाय ग्रीन कार्डाच्या रांगेत असतानाच वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ सुटतो, तोही ऐन पदवीच्या मधल्या वर्षांत. बालपण सगळं इथे गेलेल्या पोराला विद्यार्थी व्हिसा घ्यायला लावणारी ही व्यवस्था मला आजवर पटलेली नाही.

प्रश्न फक्त फीचा नाही, जागांचाही आहे. नॉर्थ कॅरोलायनाने १९८६ मध्ये राज्याबाहेरच्यांची मर्यादा १८ टक्के ठरवली. उलट २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदानं कापली, तेव्हा परक्या राज्यातली मुलं अचानक हवीहवीशी झाली. अलाबामाने तर आधीपासूनच गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या मांडून त्यांना बोलावलं होतं. आज तिथले निम्म्याहून जास्त विद्यार्थी बाहेरचे आहेत. विस्कॉन्सिनने २०१५ मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठावरची बाहेरच्यांची टक्केवारीची मर्यादा उठवली आणि दर वर्षी निदान ३,६०० स्थानिक घ्या, एवढीच अट ठेवली. कॅलिफोर्नियात मात्र आमच्या मुलांच्या जागा विकल्या म्हणून ओरड झाली. २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनीच कॅलिफोर्निया विद्यापीठावर ताशेरे ओढले, २०१७ मध्ये १८ टक्क्यांची मर्यादा आली. त्याची बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ही संकुलं तेव्हाच तिच्या वर होती, म्हणून त्यांना सवलत मिळाली. २०२१ मध्ये राज्याने पैसे मोजून तीही कमी करायला घेतली.

अर्जातही हा भेद उतरतो. कॅलिफोर्नियाच्या मुलाला किमान जीपीए ३.० चालतो, बाहेरच्याला ३.४ लागतो. आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी साडेतीनशे शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची ती मात्र दोघांनी सारखीच. २०२० मध्ये तिथली एसएटीची सक्ती गेली. आपल्या घरांत क्लासची फी वाचल्याच्या आनंदापेक्षा ‘मग आता निवड कशावर’ ही धास्तीच मोठी होती. जॉर्जिया टेकची पहिली, ऑक्टोबरची फेरी फक्त जॉर्जियाकरांसाठी असते. २०२४ साल आणखी वाईट गेलं. आर्थिक मदतीचा नवा केंद्रीय फॉर्म रखडला आणि १ मेचा निर्णयाचा दिवस अनेक विद्यापीठांना पुढे ढकलावा लागला. किती मदत मिळणार हे कळल्याशिवाय घरं आपला हो-नाही ठरवणार तरी कशी?

२०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७,६०२ डॉलर जास्त भरावे लागले. ज्यांचं मूल यंदा अकरावीत आहे, त्यांनी विद्यापीठ बघायला विमानाची तिकिटं काढण्याआधी त्याच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरावा, राज्य आपलं खरं तेच टाकावं, आणि आलेला आकडा मुलाला बसवून दाखवावा. रटगर्सचाही त्याच कागदावर, शेजारी लिहावा.