दुबईची गाडी, वडीगोद्रीचा रस्ता

आखातात नोकरीला गेलेला मुलगा कधीतरी फोनवर म्हणतोच, "अब्बा, इथे स्पोर्ट्स कार स्वस्त मिळते. दोघं-तिघं मिळून कंटेनर करू, भाडं वाटून घेऊ." धुळे-सोलापूर महामार्गावर, वडीगोद्रीतून जाणारी ती गाडी घरच्यांच्या डोळ्यांपुढे येते. हिशेब मात्र आधी करावा.

भाडं वाटता येतं, हे खरं. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दोन गाड्या बसतात. पण एकाचे कागद अडले की सगळेच खोळंबतात आणि बंदराचा रोजचा दंड चढत जातो. तो कोण भरणार, हे सख्ख्या भावांनीही लिहून ठेवावं.

कस्टम ड्युटी मात्र वाटून हलकी होत नाही. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सचिन तेंडुलकरला फियाटकडून फेरारी ३६० मोडेना मिळाली. किंमत सुमारे ७५ लाख, ड्युटी सुमारे १ कोटी १३ लाख! सरकारने ती माफ केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, शेवटी फियाटनेच पैसे भरले.

आणि खरी मेख निराळीच आहे. दुबईतल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली लागते. बयाणा देण्यापूर्वी मुलाला एवढंच विचारा, स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे?