जात्यावरची ओवी आणि पट्ट्यातला हरभरा



लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते हे या पानावरचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र आम्ही सभासदाच्या स्वयंपाकघरात शिरणार आहोत. त्याला कारण आहे. ऊसनोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना चहा होतोच, आणि चहा उकळेपर्यंत नजर इकडं तिकडं फिरते. बऱ्याच घरांत जातं आता न्हाणीपुढं पायरी होऊन पडलेलं दिसतं. वरची तळी तुळशीपाशी, खालची भलतीकडंच, आणि खुंटा कुठं गेला ते कुणालाच सांगता येत नाही. घरात लग्न निघालं की तेवढी जात्याची आठवण होते. हळद दळायची असते, हळकुंड-सुपारी बांधायची असते. मांडव उतरला की जातं पुन्हा पायरीला.

जातं परत आणा, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्यांनी दळलं त्यांना विचारा. घरात दहा-बारा माणसं, दोन्ही वेळच्या भाकरी, म्हणजे रोजचं चार-पाच किलो पीठ. त्यासाठी पहाटे तीन-चारला उठायचं, मागं सडा-सारवण आणि पाणी आहेच. तळहाताला घट्टे पडायचे. बाळंतीण सव्वा महिन्यात पुन्हा खुंट्याला बसायची. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी बायांनी तिला ओवाळलं असतं तरी चाललं असतं. कष्ट गेले ते बरंच झालं.

पण कष्टाबरोबर ओवीही गेली. पुरुषांची गाणी तर त्याआधीच गेली होती. मोट हाकताना बैलांच्या पावलावर म्हटली जाणारी गाणी इंजिन आल्यावर थांबली. ज्वारीच्या काढणीतली भलरी ज्वारीबरोबर गेली. ऊस तोडताना भलरी म्हटलेली निदान आमच्या ऐकण्यात नाही. वाहन फडात उभं असताना गाणं सुचणार तरी कुणाला!

ओवीचं नुकसान मात्र वेगळं आहे. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं ओढायची. पहिल्या ओव्या देवाच्या. मग आई-बाप, भाऊ, लेकरं, माहेरची वाट, पंढरीचा विठोबा, आणि रामापेक्षा जास्त सीता. जे नवऱ्यापुढं बोलता येत नव्हतं, सासूपुढं तर नाहीच नाही, ते दगडाच्या घरघरीत बोललं जायचं. सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव नसायचं. आमच्या शेअर रजिस्टरातही फारसं नसायचं. तिनं काय सोसलं, कशानं हसली, याची नोंद असलीच तर ती ओवीत. आणि ती ओवी कागदावर नाही, फक्त तिच्या तोंडात आहे.

हे ओळखून काम करणारी माणसं आपल्याकडं होऊन गेली. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून छापल्या. पुढं हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशीच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. त्यांचा हा ठेवा २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातर्फे इंटरनेटवर टप्प्याटप्प्यानं लोकांपुढं येत आहे. मोबाईलवर कुणालाही ऐकता येतो. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. आपल्या फडात येणाऱ्या टोळ्या त्याच बीडकडच्या. कोपीत पहाटे भाकरी थापणाऱ्या एखाद्या म्हातारीपाशी काय साठा असेल, याचा विचार आपण कधी केला आहे का?

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. आजी ऐंशीच्या पुढच्या. नातवाला त्यांच्या ओव्या मोबाईलवर घ्यायच्या होत्या. आजी म्हणाल्या, “आता कुठलं ध्यानात राहतंय बाबा, सगळं इसरले.” सून म्हणाली, “मामींना बसवून बघा जात्यावर.” तुळशीपाशी पडलेली तळी आणली, धुतली, बाभळीचा नवा खुंटा ठोकला. डाळ भरडायला म्हणून मूठभर हरभरा घातला. दोन-तीन फेरे नुसतेच गेले आणि मग सूर लागला. हात फिरेल तशी ओवीला ओवी जोडून येत गेली. सून समोर खुंट्याला होती. मध्येच एका ओवीत दुष्काळाचं नाव आलं, मिलो ज्वारी आली, खडी फोडण्याचं काम आलं आणि एक लेक आली. सुनेचा हात थांबला. त्या घरात नांदून तिला चाळीस वर्षं झाली होती. १९७२ च्या दुष्काळात मामींची एक मुलगी गेली होती, हे तिला त्या दिवशी कळलं. आजींनी नुसतं “फिरीव गं” म्हटलं आणि पुढची ओवी घेतली. आजींचं नाव आम्ही देत नाही, त्यांनी ओव्या घेऊ दिल्या त्या घरच्यांसाठी.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी आई, आजी, आत्या आहे त्यांनी लांबणीवर टाकू नये. दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसतं “म्हणा” म्हटलं तर आठवत नाही, हात खुंट्यावर लागतो. जातं रिकामं फिरवू नये, दगडावर दगड घासून कच निघते, म्हणून मूठभर धान्य घालावं. मोबाईल जमिनीवर ठेवला तर नुसती घरघर येते. तो गोधडीच्या घडीवर, बाईच्या तोंडाजवळ ठेवावा. पुरुष मंडळींनी बाहेर बसावं. सुरुवात भावाच्या ओव्यांनी करावी, त्या सगळ्यांनाच येतात. शेवटी तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलवून घ्यावी. आणि तिला विचारल्याशिवाय कुठल्याही ग्रुपवर टाकू नये.

भावाच्या ओवीत भाऊ आला की मागोमाग पाहुणचार येतोच. पुरण शिजतं, शेवया निघतात. आता आमच्या खात्याचा विषय येतो. ते पुरण त्या बाईच्या रानातल्या हरभऱ्याचं होतं. आज बारमाही पाण्याच्या सभासदाच्या घरीही पुरणाची डाळ, भाकरीची ज्वारी, चटणीचे शेंगदाणे वाण्याकडून येतात. बांधापासून बांधापर्यंत ऊस. काकवीसुद्धा बाटलीत विकत! रस काहिलीत १०५ अंशांच्या आसपास आला की काकवी उतरवायची, ११८ च्या सुमारास गूळ, हे गुळव्याला नुसत्या तारेवरून कळायचं. कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाचं कौतुक कशाला, असं चेअरमनसाहेब म्हणतील, म्हणून इथंच थांबतो.

डाळ मात्र उसाचं एक टिपरूही कमी न करता घरची होऊ शकते. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. पट्टा पद्धतीत मधली पाच फूट जागा सुरुवातीला मोकळीच असते. तिथं हरभरा टोकावा. साधारण ११० दिवसांत तो निघतो, मोठ्या बांधणीला आड येत नाही, आणि मुळांवरच्या गाठींतला नत्र जमिनीला मिळतो. लागणीचं पाणी त्याला पुरतं, वर जादा पाणी दिलं तर नुसता माजतो. आडसालीत भुईमूग किंवा चवळी, सुरू उसात मेथी-कोथिंबीर किंवा उन्हाळी भुईमूग. ज्वारी मात्र उसात घालू नये, ती उंच वाढते आणि अन्न ओढते. तिच्यासाठी खोडवा मोडलेलं रान ठेवावं. पावसाळ्यात ताग गाडून रब्बीला मालदांडी पेरली तर रानाला फेरपालट होतो आणि कडबाही मिळतो. नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं की त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं अंगातलं कॅल्शियम कमी होतं, दूध घटतं. हे पशुवैद्य सांगून दमले.

सगळं क्षेत्र नको. पाच-दहा गुंठ्यांच्या पट्ट्यात हरभरा केला तरी सणावाराच्या पुरणाला आणि पिठल्याला घरची डाळ होते. कुठलं रान द्यायचं हे घरातल्या बाईला विचारून ठरवावं. तिला किती डाळ लागते ते तिलाच ठाऊक.

येत्या पूर्वहंगामी लागणीत पट्ट्यात हरभरा करणाऱ्या सभासदांनी नोंदीच्या वेळीच आपल्या गटाच्या स्लिपबॉयला सांगावं, म्हणजे टोकणीच्या दिवसांत आम्हाला बांधावर येता येईल. ज्यांच्या घरी ओवी गाणारी कुणी आहे त्यांनीही सांगावं. जात्याचा खुंटा हरवला असेल तर बाभळीचा करून घ्यावा, तोवर आम्ही येतोच.