अमानतीला कागद हवा

रमजानचा चंद्र दिसला की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरजूंचा, असा हा हिशेब. कित्येक गावांत त्यातून शिक्षणाचा फंड उभा राहतो. कुणाची फी भरली जाते, कुणाचे वसतिगृहाचे पैसे. खाते मात्र एखाद्या विश्वासू चाचांच्या नावावर असते आणि वही त्यांच्या उशाशी.

एक दिवस चाचा जातात. कागदोपत्री ती रक्कम त्यांची स्वतःची, म्हणून हक्क वारसांचा. मुले कितीही प्रामाणिक असोत, वारसाची कागदपत्रे होईपर्यंत त्यांचेही हात बांधलेले. फीची तारीख तोवर थांबत नाही.

कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असे ती सांगते. विश्वास नाही म्हणून लिहायचे नसते, तो टिकावा म्हणून लिहायचे असते. फंडासाठी हे लिहिणे म्हणजे ट्रस्टची नोंदणी.

त्यासाठी वकील कुठे शोधायचा? गावात वकील पुष्कळ असतात. पण कुणी फौजदारी खटले चालवतो, कुणी जमिनीचे दावे. ट्रस्टचे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चालते. तिथे नेहमी जाणारा माणूस हवा. गावात नीट चाललेले वाचनालय, मंदिर किंवा शिक्षणसंस्था असेल, तर तिच्या विश्वस्तांना विचारावे : तुमची नोंदणी कुणी केली? पुढची कामे कोण पाहतो? १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा मंदिराच्या ट्रस्टला आणि या फंडाला एकच. त्यामुळे वकील कोणत्या समाजाचा, हे पाहण्याचे कारण नाही.

पहिल्या भेटीत त्याला विचारावे, ट्रस्ट करायचा की वक्फ? वक्फ केलेली मालमत्ता परत घेता येत नाही आणि तिची नोंद वक्फ मंडळाकडे होते. दुसऱ्या संस्थेच्या विश्वस्तपत्रात नाव बदलून देणारा वकील टाळावा. उद्देश काय, विश्वस्त किती वर्षांसाठी, कुणाचे निधन झाले तर नवा कसा नेमायचा, हे सारे आपल्या गरजेनुसार लिहिलेले हवे. बँकेत दोन सह्या हव्यात. जकात ठरलेल्या हकदारांनाच देता येते, म्हणून तिचा हिशेब इतर देणग्यांपासून वेगळा ठेवण्याचे कलमही हवे. फी किती आणि सरकारी शुल्क किती, हे आधीच लिहून घ्यावे.

नोंदणीनंतरही काम संपत नाही. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. ट्रस्टची जागा विकायची तर आधी परवानगी लागते. म्हणून हाकेच्या अंतरावरचा वकील बरा.

हजरत उमर यांनी खैबरची जमीन दान केली, तेव्हा अटी ठरवून दिल्या होत्या : ती विकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही, उत्पन्न गरजूंचे.

वही चाचांच्या उशाशीच राहू द्या. खाते तेवढे ट्रस्टच्या नावावर असू द्या.