गिगाबिट राउटर, तरी स्पीड ९४ वरच!

घरी ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, राउटरच्या खोक्यावर 'गिगाबिट' छापलंय, पण लॅन केबलने जोडलेल्या डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे हलत नाही. नेटवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "आमच्याकडून बरोबर येतंय." पुष्कळदा ते खरंही असतं. ७० नाही, ८५ नाही, सारखा ९४ चाच आकडा दिसत असेल, तर राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यात १०० एमबीपीएसची जोडणी झाली असण्याची शक्यता दाट. डेटाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पत्ता आणि तपासणीचे बाइट जातात, दोन तुकड्यांमध्ये ठरलेली मोकळी जागाही सोडावी लागते. हे सगळं वजा जाता शंभरातले ९४-९५ हाती उरतात.

इथरनेटची सुरुवात १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत झाली. तेव्हा वेग होता २.९४ एमबीपीएस. पुढे १० आला, १९९५ मध्ये १००, १९९९ मध्ये तांब्याच्या साध्या केबलवर १०००, आणि २००६ मध्ये १० गिगाबिट. १० एमबीपीएसच्या काळातला प्लास्टिकचा जॅक मात्र आजही तोच आहे. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही, म्हणून गैरसमजही बरेच आहेत.

गैरसमज १ : गिगाबिटमध्ये सिग्नल दहापट वेगाने धावतो.

वस्तुस्थिती : तारेतून सिग्नल जातो तो प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने, मग जोडणी १०० ची असो की १००० ची. फरक पडतो तो एका सेकंदात किती बिट बसवले यात. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या जोडणीत त्यातल्या दोनच कामाला लागतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. गिगाबिटने चारही जोड्या घेतल्या आणि प्रत्येकीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलायची सोय केली. दोन्ही टोकांच्या चिप आपण पाठवलेला सिग्नल वजा करून समोरच्याचा वेगळा काढतात. गंमत म्हणजे तारेवर सेकंदाला जाणाऱ्या संकेतांची संख्या दोन्ही मानकांत १२.५ कोटीच आहे. गिगाबिटमध्ये व्होल्टेजच्या पाच पातळ्या वापरून प्रत्येक संकेतात दोन बिट भरले. १२.५ कोटी गुणिले दोन बिट, गुणिले चार जोड्या : झाले शंभर कोटी.

गैरसमज २ : चार तारा चालल्या तरी केबल ठीकच म्हणायची.

वस्तुस्थिती : १०० साठी ठीक, गिगाबिटसाठी नाही. ९४ चं कोडं बहुधा इथेच सुटतं. वेग किती ठेवायचा याची बोलणी दोन्ही टोकांची यंत्रं नारिंगी आणि हिरव्या जोडीवरून करतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार क्रिम्पिंग करताना जॅकच्या पट्टीला नीट टेकली नसेल, तर बोलणी पार पडतात पण गिगाबिट काही जुळत नाही. मग बहुतेक चिप मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालू, दिवा लुकलुकतोय, त्यामुळे शंका कुणालाच येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' पाहा. तिथे १०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा. तरीही १०० च राहिलं तर पोर्ट तपासा, कारण स्वस्त राउटरचे आणि सेट-टॉप बॉक्सचे पोर्ट अजूनही पुष्कळदा १०० चेच असतात.

गैरसमज ३ : 'कॅट ८' केबल लावली की नेट पळतं.

वस्तुस्थिती : केबल वेग वाढवत नाही, फक्त अडवत नाही. गिगाबिटला १०० मीटरपर्यंत कॅट ५ई पुरते. २०१६ मध्ये आलेलं २.५ गिगाबिटचं मानकही तिच्यावर चालावं अशाच बेताने आखलं आहे. १० गिगाबिट हवं असेल तर कॅट ६ वर साधारण ५५ मीटर आणि कॅट ६ए वर पूर्ण १०० मीटर मिळतात. कॅट ८ बनली आहे डेटा सेंटरमधल्या २५ आणि ४० गिगाबिटसाठी, तीही ३० मीटरपर्यंतच. कॅट ७ ला तर अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेची मान्यताच नाही.

आकड्यापेक्षा धातू बघा. बाजारातल्या स्वस्त केबलवर बारीक अक्षरांत 'सीसीए' असतं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. मानकांना शुद्ध तांबं लागतं. तारेचं टोक ब्लेडने खरवडून आत पांढरी चमक दिसली, तर ती केबल भिंतीत घालू नका. ती लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यासाठी तर ती घेऊच नये.

गैरसमज ४ : 'ऑटो' काढून वेग हाताने ठरवलेला बरा.

वस्तुस्थिती : तांब्यावरच्या गिगाबिटला ही आपोआप होणारी बोलणी सक्तीची आहेत. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स ठोकून बसवलं आणि दुसरं ऑटोवर राहिलं, तर दुसऱ्याला वेग कळतो, पण डुप्लेक्स, म्हणजे दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ), हे कळत नाही. ते हाफ डुप्लेक्स धरून चालतं. पिंग छान येतो, पण मोठी फाइल पाठवली की जोडणी रखडते.

गैरसमज ५ : ऑफिसातला एक जुना प्रिंटर सगळ्यांचा वेग खाली आणतो.

वस्तुस्थिती : हबच्या काळात सगळे एकाच सामायिक तारेवर होते, तेव्हा हे खरं होतं. आजच्या स्विचमध्ये प्रत्येक पोर्ट आपला वेग स्वतंत्र ठरवतो. प्रिंटर १०० वर बसला तरी शेजारचा कॉम्प्युटर १००० वरच राहतो.

गैरसमज ६ : गिगाबिट म्हणजे सेकंदाला एक जीबी.

वस्तुस्थिती : बिट आणि बाइट यांत आठपट फरक आहे. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११७ मेगाबाइटच्या आसपास जातात. १० जीबीचं लग्नाचं शूटिंग दीड मिनिटात दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचतं. १०० च्या जोडणीवर त्यालाच १४ मिनिटं लागतात. मात्र फाइल यूएसबी २.० च्या जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर गिगाबिटचा पूर्ण उपयोग होत नाही, कारण त्या यूएसबीची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.

म्हणून खर्च करण्याआधी क्रम पाळा : आधी लिंक स्पीड, मग केबल, मग दोन्हीकडचे पोर्ट, मग डिस्क, आणि प्लॅन सगळ्यात शेवटी. १०० च्या पोर्टवर ३०० चा प्लॅन ५०० केला, तरी त्या डेस्कटॉपला ९४ च मिळणार. वाढेल ते फक्त बिल.