खुर्द्याचे मोल

शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याचा खर्च बेताच्या रकमेत भागवावा लागतो. चहा, बसचे तिकीट, झेरॉक्स अशा किरकोळ खर्चातून एक, दोन आणि पाच रुपयांची नाणी परत मिळतात व रात्री ती एखाद्या डब्यात पडतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून ती बाहेर येण्याचे प्रसंगही कमी झाले आहेत. वर्ष सरता सरता डबा जड होतो. आणि त्याच डब्याचा मालक महिनाअखेरीस मित्राकडे उसने पैसे मागत असतो! असे का घडते?

याचे एक कारण आपल्या मनात आहे. सुट्या पैशांना मराठीत मोड, खुर्दा, चिल्लर असे शब्द आहेत. त्यांपैकी ‘चिल्लर’ हा शब्द आपण क्षुल्लक या अर्थानेही वापरतो. पूर्वीची दृष्टी वेगळी होती. एका रुपयाचे 16 आणे, 64 पैसे किंवा 192 पै होत असत. ‘पै न पै चुकती केली’ हा वाक्प्रचार त्या काळाची आठवण देतो. सर्वांत लहान नाण्याचाही हिशेब ठेवणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाई. 1 एप्रिल 1957 पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे 100 पैसे झाले. आणे आणि पै व्यवहारातून गेले, भाषेत मात्र राहिले.

दुसरे कारण म्हणजे नियमांविषयीचे अज्ञान. भारतात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींत ती तयार होतात व रिझर्व्ह बँकेमार्फत चलनात येतात. 25 पैसे आणि त्याहून कमी किमतीची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. 50 पैशांचे नाणे मात्र आजही वैध आहे. 2011 च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील किमतीच्या नाण्यांनी एक हजार रुपयांपर्यंतचे, तर 50 पैशांच्या नाण्यांनी दहा रुपयांपर्यंतचे देणे फेडता येते. म्हणजे कायद्याने देणाऱ्याला हक्क दिला आहे आणि घेणाऱ्यावर नाण्यांचा डोंगर कोसळू नये म्हणून मर्यादाही घातली आहे.

दहा रुपयांच्या नाण्याविषयी मध्यंतरी अनेक ठिकाणी अफवा पसरल्या. निरनिराळ्या नक्षीची नाणी पाहून काही दुकानदार ती खोटी समजू लागले. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला, की तोपर्यंत काढलेली चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. रुपयाचे चिन्ह नसलेले जुने नाणेही तितकेच खरे आहे.

आता डबा रिकामा कसा करावा, ते पाहू. प्रथम नाणी किमतीनुसार वेगळी करावीत. समजा, एक रुपयाची 100, दोन रुपयांची 75 आणि पाच रुपयांची 40 नाणी निघाली. त्यांची बेरीज 450 रुपये होते. एवढ्या रकमेत अभ्यासाचे एखादे पुस्तक येऊ शकते. यानंतर दोन मार्ग आहेत. चहावाला, भाजीवाली, किराणा दुकानदार यांना मोड हवीच असते. गर्दी नसताना त्यांना विचारून, मोजलेली नाणी देऊन नोटा घ्याव्यात. दुसरा मार्ग बँकेचा. आपल्या खात्यात कितीही नाणी भरण्यास रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. एकाच किमतीची शंभर-शंभर नाणी पिशवीत भरून नेल्यास मोजणाऱ्याचे श्रम वाचतात. मात्र सर्वांत सोपा उपाय रोजचा आहे: सकाळी निघताना पाच-सात नाणी खिशात ठेवावीत आणि बसचे तिकीट त्यांतूनच काढावे. मग साठा होतच नाही.

या गोष्टीला सामाजिक बाजूही आहे. घराघरांतील डब्यांत नाणी अडकली, की बाजारात मोडीची टंचाई होते. मग दोन रुपयांच्या बदल्यात ग्राहकाच्या हाती गोळी ठेवली जाते. ज्याची दिवसाची कमाईच थोडी, त्याला हे दोन-दोन रुपये जड जातात. टंचाई भरून काढण्यासाठी सरकारला नवी नाणी पाडावी लागतात आणि त्यासाठी धातू, इंधन व श्रम खर्ची पडतात.

थेंबे थेंबे तळे साचते, हे खरेच. पण तळ्यातील पाणी शेताला मिळाले तरच पीक येते. नाण्याचेही तसेच आहे. साठवलेले नाणे हा केवळ धातूचा तुकडा असतो. हातातून हातात फिरू लागले, की ते पैसा होते.